मेजावरील चित्रफलक व गावाचा नकाशा

इयत्ता तिसरी-चौथीस नकाशा शिकविताना एक अडचण वारंवार अनुभवास येते. वैनगंगा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हे मूल बिनचूक सांगते. परंतु उत्तर कोठे असे विचारताच छताकडे बोट करते. यात मुलाचा दोष नाही. जमिनीवर आडवा पसरलेला प्रदेश आपण त्याच्यापुढे भिंतीवर उभा टांगतो.

मेजावर आडवा ठेवता येणारा स्पर्शफलक व त्यावर लिहिण्याची लेखणी ही साधने येथे उपयोगी पडतात. पडद्यावर लेखणीने आकृती काढण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली प्रकाशलेखणीने ते करून दाखविले. २००७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने मेजाच्या आकाराचा संगणक जाहीर केला. त्याभोवती बसून अनेकांना एकाच वेळी काम करता येत असे. आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट एवढीच की, आडवा फलक खऱ्या दिशांशी जुळविता येतो.

पाठाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. हिवाळ्यात मैदानावर काठी रोवावी. दुपारची सर्वांत आखूड सावली उत्तरेकडे पडते. तीच दिशा वर्गातील जमिनीवर खडूने आखावी.

२. मुलांसह गावाची फेरी करावी. नाला, बोडी, मोहाची झाडे, गोटूल, पलीकडचा टोला कोणत्या दिशेस आहे, हे चालताचालता विचारावे.

३. फलक जमिनीवरील रेषेशी जुळवून ठेवावा. चार बाजूंस चार मुले बसवावीत. प्रत्येकाने आपल्या बाजूचा भाग काढावा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना स्थळांची नावे प्रथम आपल्या बोलीत सांगू द्यावीत. शिक्षकांनी ती मराठी नावांशेजारी लिहावीत.

४. या साधनावर पुसणे फार सोपे असते. म्हणून पुसण्यापूर्वी 'हे का बदलायचे?' असे अवश्य विचारावे.

५. शेवटी तेच चित्र सर्वांदेखत उभे करावे. उत्तर बाजू वर का गेली, हे मुले आपण होऊन सांगतील.

साधनाचा स्वभावही ओळखावा. पुष्कळ फलकांच्या चौकटीतून अदृश्य अवरक्त किरण पसरलेले असतात. लेखणीने ते जेथे अडतात तेथे रेघ उमटते. त्यामुळे टेकलेला तळहातही रेघ ओढतो आणि थेट उन्हात फलक चुकतो. भिंतीस बसविलेला जड फलक मात्र काढून आडवा करू नये. अशा ठिकाणी, किंवा वीज नसताना, सारवलेल्या जमिनीवर खडूने हाच पाठ घ्यावा. एखादा टॅबलेट असल्यास तो जमिनीवर ठेवूनही काम भागते.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नव्हे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांचा संगम आहे, आणि पुराने तो भाग अनेकदा वेढला गेला आहे. अशा मुलखातील मुलास पाणी कोणत्या बाजूने चढते व उंचवटा कोणत्या दिशेस आहे, हे पायाखालच्या भूमीवर कळले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांचे पहिले व शेवटचे चित्र जतन करून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावे. दोहोंतील अंतर पाहिले म्हणजे पाठ कितपत साधला, हे निराळे विचारावे लागणार नाही.