नवशिक्या चालकाची देखरेख : अमेरिकेत येणाऱ्या खानदेशी कुटुंबांसाठी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून नोकरीनिमित्त अमेरिकेत जाणाऱ्या कुटुंबांपुढे मुलांच्या मोटार चालवण्याचा प्रश्न अपेक्षेपेक्षा दोन वर्षे आधी उभा राहतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, सोळाव्या वर्षी केवळ ५० सीसीपर्यंतची बिनगियरची दुचाकी चालवता येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनविषयक गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कॅलिफोर्नियात मात्र साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना, म्हणजे तिथल्या बोलीत परमिट, मिळते आणि किमान सहा महिन्यांचा सराव व परीक्षा पार पडली की सोळा वर्षांचे मूल एकटे मोटार घेऊन बाहेर पडते. या टप्प्यावर बहुतेक पालक फोनवर माग ठेवणाऱ्या ॲपचा विचार करू लागतात. त्यांच्यासाठी तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे सांगणे पुढे संकलित केले आहे.

जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात एखादा मुलगा गाडी भरधाव हाकताना दिसला, तर ओळखीचे कोणी ना कोणी संध्याकाळपर्यंत घरी सांगते. ही देखरेख मुलाला ओळखणाऱ्या माणसांची असल्यामुळे तिला समजुतीची जोड असते. परदेशात ती माणसे नसतात, आणि त्यांची उणीव नकाशावरील ठिपक्याने भरून काढावीशी वाटते. परंतु ठिपका जागा सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून कोणते ॲप घ्यावे याआधी आपल्याला नेमके काय कळायला हवे, हे कुटुंबाने ठरवावे.

साधनांचे प्रकार

मूल सुखरूप पोहोचले एवढेच कळायला हवे असेल, तर वेगळ्या ॲपची गरज नाही. आयफोनमधील फाइंड माय आणि गूगल मॅप्समधील लोकेशन शेअरिंग या मोफत सोयी जागा दाखवतात, तर व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांपुरते देता येते आणि नंतर आपोआप थांबते. गाडी कशी चालवली हे कळायला हवे असेल, तर लाइफ३६० सारखी ॲप वेग, अचानक लावलेला ब्रेक आणि चालवताना झालेला फोनचा वापर यांचा अहवाल देतात, मात्र यातील काही सोयी पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात. अशी ॲप फोनची हालचाल मोजत असल्याने मूल मित्राच्या गाडीत नुसते बसलेले असले, तरी तो प्रवास त्याच्या नावावर लागू शकतो.

तिसरा प्रकार गाडीला जोडण्याच्या उपकरणाचा आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीतील बिघाड तपासण्याची जोडणीची जागा, असते. तिथे बसवलेले उपकरण गाडीची नोंद ठेवते, पण मूल दुसऱ्याच्या गाडीत असेल तर काहीच सांगत नाही. चौथा प्रकार विमा कंपन्यांच्या ॲपचा असून त्यात चालवण्याच्या सवयी पाहून हप्ता ठरतो, त्यामुळे सवलतीइतकाच वाढीव हप्त्याचा संभवही अटी वाचून तपासावा.

माहिती कोठे जाते

ॲप जमवते ती माहिती घरातच राहील, असे गृहीत धरू नये. लाइफ३६० वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती दलालांना विकत असल्याचे डिसेंबर २०२१ मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेने उघड केले आणि त्यानंतर कंपनीने ही विक्री मोठ्या प्रमाणात बंद करण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी ऑलस्टेट ही विमा कंपनी आणि तिची उपकंपनी ॲरिटी यांच्यावर, इतर ॲपमधून लोकांच्या वाहनचालनाची माहिती पुरेशा संमतीविना गोळा केल्याचा आरोप ठेवून दावा दाखल केला. यास्तव खाते उघडताच गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन माहितीची विक्री व वाटप नाकारावे आणि गरजेपुरतीच माहिती घेणारे ॲप पसंत करावे.

घरातील नियम

ॲप मुलाला सांगूनच बसवावे, कारण चोरून ठेवलेली नजर उघडकीस आल्यावर मूल फोन घरी ठेवून बाहेर पडायला शिकते आणि अडचणीच्या वेळी संपर्काचे साधनच त्याच्याजवळ राहत नाही. कोण पाहणार, कधी पाहणार आणि कोणत्या गोष्टीवर बोलणे होणार, हे आधी ठरवावे. ठिपका थांबलेला दिसला म्हणून मूल वाटेत असताना फोन करू नये. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालील चालकाला हात न लावता बोलण्याचीही मुभा नाही, त्यामुळे पालकाचा फोन मुलाला कायदा मोडण्याच्या मोहात पाडतो. भुसावळ किंवा शिरपूरला असलेल्या आजी-आजोबांना ठिपका पाहणाऱ्यांच्या गटात घेणेही टाळावे, कारण अमेरिकेतील रात्र ही तिकडची सकाळ असते आणि नकाशावरील प्रत्येक थांबा त्यांच्या जिवाला घोर लावतो. पोहोचल्याचा निरोप आईवडिलांनी कळवणे पुरेसे आहे.

अमेरिकेत परवाना टप्प्याटप्प्याने मोकळा होतो, म्हणजे आरंभी वेळेची व सोबत्यांची बंधने असतात आणि ती पुढे उठतात. कॅलिफोर्नियात पहिले वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंत एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि जाणता चालक सोबत नसेल तर वीस वर्षांखालील सोबती बसवता येत नाहीत. देखरेखही अशीच उतरत न्यावी : आरंभी पूर्ण अहवाल, काही महिन्यांनी केवळ जागा, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाच्या संमतीने जेवढे राहील तेवढेच.

तथापि कोणतेही ॲप गाडी चालवायला शिकवत नाही. कॅलिफोर्नियात पालकाच्या किंवा जाणत्या चालकाच्या सोबतीने ५० तासांचा सराव बंधनकारक असून त्यांपैकी १० तास रात्रीचे असावे लागतात. खानदेशातून आलेल्या पालकाला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय स्वतःलाच नवी असल्याने त्याने आधी आपला स्थानिक परवाना काढून हात बसवावा, मग मुलाशेजारी बसून पाऊस, अंधार आणि महामार्ग या तिन्हींचा सराव द्यावा, आणि ५० तासांना पुरेसे न मानता किमान मानावे.