बुद्ध्यंक किती मानावा?

‘‘डॉक्टर, याचा आय. क्यू. काढून घ्यावा का हो?’’ हा प्रश्न आम्हा बालरोगतज्ज्ञांना वारंवार विचारला जातो. विचारणारे पालक बहुधा शंभराच्या पुढचा आकडा ऐकण्याच्या आशेने आलेले असतात. शाळेने पाठविले असेल, तर मात्र त्यांचे चेहरे उतरलेले असतात. या आकड्याविषयी लिहावयास बसलो आणि पंधरा वर्षांपूर्वीचा माझाच एक निर्णय डोळ्यांपुढे उभा राहिला.

बेळगावातील एका किराणा दुकानदाराचा आठ वर्षांचा मुलगा. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. सोबतच्या अहवालात बुद्ध्यंक ६६ होता. चाचणी इंग्रजीतून झाली होती. मी अहवाल वाचला, मुलाला तपासल्यासारखे केले आणि ‘सौम्य मतिमंदत्व’ असे लिहून मोकळा झालो. आई उठता उठता म्हणाली, ‘‘दुकानात गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे तोच मोजून देतोय की!’’ ते वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. चार महिन्यांनी सर्दीसाठी तो पुन्हा आला, तेव्हा मी पाठीमागून हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साठला होता. उपचारानंतर मराठीतून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बुद्ध्यंक ८७ आला. वाचन त्याला पुढेही जडच गेले, पण तो प्रश्न वेगळा आणि त्याचे उपायही वेगळे. ते चार महिने त्याला वर्गात शेवटच्या बाकावर बसविले गेले, ते माझ्या सहीच्या आधारे.

मुळात हे साधन कशासाठी जन्मले? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पहिली मापनश्रेणी केली, ती शाळेत मागे पडणारी व विशेष शिक्षणाची गरज असणारी मुले ओळखण्यासाठी. हुशारांची निवड करण्यासाठी नव्हे. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांची, १९१२ सालची; त्या भागाकाराला शंभराने गुणण्याची रीत १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी रूढ केली. आज तो भागाकारही उरलेला नाही. मुलाची त्याच्याच वयाच्या मुलांशी तुलना होते. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरले जाते. म्हणजे हा रांगेतील क्रम आहे, वजन नव्हे. १४० बुद्ध्यंकाचा मुलगा ७० वाल्याच्या दुप्पट बुद्धिमान ठरत नाही. शिवाय मापनातील त्रुटी धरता ७० म्हणजे साधारण ६५ ते ७५ असेच वाचावयाचे असते.

भाषेची अडचण तर फार जुनी. आपल्या शेजारच्या धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकातच बिने यांची श्रेणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतून घेतली होती. नागपूरचे डॉ. मलिन यांनी १९६९ साली वेक्सलर यांच्या चाचणीचे भारतीय रूपांतर केले. त्यात सहा शाब्दिक व पाच कृतिप्रधान उपचाचण्या आहेत. या दोन गटांत मोठी तफावत दिसली, की कान, भाषा किंवा वाचनदोष यांकडे पाहावे. त्या मुलाच्या अहवालातही ती तफावत छापलेली होती. मी फक्त बेरीज वाचली.

तरीही चाचणी टाकून द्यावी, असे मी म्हणणार नाही. तिसरीतील एक शांत, नीटनेटकी मुलगी ‘आळशी’ म्हणून रोज मार खात असे. तिचा बुद्ध्यंक ५८ आला. कपडे घालणे, पैसे ओळखणे, रस्ता ओलांडणे या दैनंदिन कौशल्यांतही ती समवयस्कांच्या बरीच मागे होती. आता निदान करताना या कौशल्यांना बुद्ध्यंकाइतकेच महत्त्व दिले जाते, हे योग्यच झाले. वडील कागद हातात धरून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे ती मुद्दाम करीत नव्हती.’’ मार त्या दिवसापासून थांबला, आणि प्रमाणपत्रामुळे परीक्षेतील सवलतीही मिळाल्या. तो आकडा नसता, तर माझ्या शब्दावर शाळेने विश्वास ठेवला असता असे मला वाटत नाही.

आता अहवाल हाती आला की आकड्याकडे मी शेवटी वळतो. चाचणी कोणत्या भाषेतून घेतली, आदल्या रात्री मूल झोपले होते का, श्रवण व दृष्टी तपासली का, थायरॉईडचे काय, हे आधी विचारतो. आणि घरी, दुकानात, शेतात ते काय काय करते, हे आईला विचारून लिहून घेतो.