एसी बदलला तर बिल किती उतरेल?

“भाऊ, एसी बदलला तं बिल किती कमी होईन?” मार्च लागला की अकोल्यात हा प्रश्न मला हमखास येतो. हा हिशेब घरीच मांडता येतो, आणि दुकानाची पायरी चढण्याआधीच मांडावा.

१. सुरुवात मीटरपासून करा. मेच्या बिलातून फेब्रुवारीचं बिल वजा केलं की उन्हाळ्याचा वापर कळतो, पण तो सगळा एसीचा नसतो. फ्रिज जास्त चालतो, माहेरी आलेल्या लेकी आणि नातवंडांमुळे पंखे रात्रंदिवस फिरतात. म्हणून एसी लावताना मीटरचा आकडा लिहा, सकाळी बंद करताना पुन्हा लिहा. नुसत्या पंख्यावर काढलेल्या रात्रीशी तो ताडून पाहा. हा फरक एसीचा.

२. वाचणारी युनिटं सरासरी दराने मोजू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि बचत होते ती सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातून. त्यावरचा वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र तसाच राहतो.

३. स्टार लेबलवरचा वार्षिक वापर १६०० तासांचा धरलेला असतो. दोन एसींची तुलना करायला तो उत्तम, पण तुमचे तास तुम्हीच मोजा. शिवाय एसी घरातली उष्णता उचलून बाहेर फेकतो. बाहेर ४५ अंश असले की त्याला जोर जास्त लागतो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर दुपारी तिथे उभं राहून पाहा, तोंडावर झळ येते. त्याला सावली द्या, हवा मात्र मोकळी ठेवा.

४. वऱ्हाडात कूलरला हिशेबातून वगळूच नये, हे माझं ठाम मत. २०० वॅटचा कूलर दहा तासांत दोन युनिटं खातो. दीड टनाचा जुना एसी तेवढ्यात पंधराच्या आसपास. अमरावती-अकोल्याच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्या भिजल्या की खोली छान गार होते. पाणी मात्र लागतं, आणि नळ रोज येत नसेल तर तोही खर्चच. मृगानंतर हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. नव्या एसीची बचत मोजताना फक्त हे दमट दिवस आणि अगदीच असह्य रात्री धरा. हे तास थोडे निघाले, तर जुन्या एसीची सर्व्हिसिंग करून घ्या आणि ताट्या नव्या बसवा.