सोमवारी निघून ये

परळी वैजनाथ

चि. सुनीता,


काल तुझी थोरली जाऊ वैजनाथाच्या दर्शनाला आली होती. जाता जाता बोलून गेली, सुनीच्या छातीत गाठ आहे, दिवाळीपासून लेप लावतीय. दिवाळीपासून, सुने! आत्या काय मेली होती का?

दुखत नाही म्हणून दाखवली नाहीस म्हणे. अगं, न दुखणारीच आधी दाखवायची. तुझ्या आजीची तरी कुठं दुखत होती? चोळी ओली व्हायला लागली तेव्हा घरात कळलं. शेवटी शेवटी रात्री कण्हायची. मी सोळा वर्षांची, शेजारीच झोपायचे, पण काय होतंय ते विचारायचा धीर झाला नाही. डॉक्टरला आजीचं जरूर सांग, बापाकडचंही धरतात.

कापूनच टाकतील, ही तुझी भीती मला कळते. आपल्या बीडात ऊसतोडीच्या किती बायकांच्या गर्भपिशव्या कॅन्सरची भीती घालून काढल्या! २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांत पिशवी काढलेल्या १३ हजारांहून जास्त निघाल्या. तुझी सासूही त्यातलीच. म्हणून सांगते, तपासाआधी सुरी नाहीच. आधी डॉक्टर हातानं बघतील, मग सोनोग्राफी, लागलंच तर सुईनं तपास. बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात. पण हे लेपाला कळत नाही, सुने.

नुसत्या हातानं तपासण्याला हसू नकोस. टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या बाया दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. तपासलेल्या पन्नाशीपुढच्यांत छातीच्या कॅन्सरनं होणारं मरण जवळपास तीस टक्क्यांनी घटलं. सरकारी आरोग्य केंद्रातही तिशीनंतर ही तपासणी फुकट असते; तुझ्या आशाताईला विचार. पण तू आता त्याची वाट बघू नकोस.

सिरसाळ्याहून सोमवारी निघून ये. इथून अंबाजोगाई पंचवीस किलोमीटर, स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दोघी जाऊ. काही निघालंच तर बार्शीला नर्गिस दत्तांच्या नावाचं कॅन्सरचं रुग्णालय आहे, खर्चाला फुले योजना आहे. तिथंही मी येईन.

फार बोलले. रात्रभर डोळा नाही लागला, म्हणून. पोरांना घेऊन ये, सूनबाई सांभाळील. उपाशी निघालीस तरी चालेल, भाकरी इथं टाकते. जावयांना सांगायला लाज वाटत असेल तर मी फोन करते. तू ये मात्र.

तुझी,
आत्या