गळवाले खेळाडू आणि त्यांचे चाहते



मासे धरणे हे काम आहे की खेळ? आपल्या गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, काम. भोई आळीतले काका पहाटे अंधारात जाळं घेऊन तळ्यावर जातात, ते काही खेळायला जात नाहीत. पण अमेरिकेत मासे धरण्याच्या शर्यती होतात. त्यात जाळं टाकून मासे धरता येत नाहीत. फक्त गळ टाकायचा. त्या शर्यती बघायला माणसं जमतात, जशी आपल्याकडं जत्रेत कुस्त्या बघायला जमतात. या गळवाल्या खेळाडूंना चाहते असतात. ते आपल्या चाहत्यांशी कसे बोलतात, त्यांना काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते मी या पाठात लिहिले आहे.

मासा कोणता?

या शर्यतीतल्या माशाचं नाव बास. त्याच्या एका जातीचं तोंड फार मोठं असतं. तो गोड्या पाण्यात राहतो. तळं, धरण, संथ नदी अशा जागा त्याला आवडतात. पाण्यातलं गवत किंवा बुडालेलं झाड असेल तिथं तो आडोशाला दबा धरून बसतो. समोर काही हललं की झडप घालतो. खेळाडू गळाला खरं गांडूळ लावत नाहीत. रबराचं गांडूळ लावतात, नाहीतर लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा मासा लावतात. म्हणजे माशाला फसवायला खोटा मासा!

गळाला लागलेला सर्वांत मोठा बास किती मोठा होता, ठाऊक आहे? २२ पौंड ४ औंस. म्हणजे १० किलोपेक्षा थोडा जास्त. तो १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं धरला. तेव्हा अमेरिकेत मोठी मंदी होती, लोकांचे खायचे वांधे होते. घरच्यांनी तो मासा शिजवून खाल्ला. त्यानंतर ७७ वर्षांनी, २००९ साली, जपानमधल्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी तेवढाच मासा धरला. खरं तर तो जरासा जास्तच भरला. पण विक्रम मोडायला निदान २ औंस जास्त लागतात. तेवढे नव्हते, म्हणून बरोबरी धरली.

शर्यत कशी सुरू झाली?

अमेरिकेत अलाबामा राज्यात रे स्कॉट नावाचे गृहस्थ होते. ते विम्याचं काम करायचे. त्यांच्या मनात आलं, इतर खेळाडूंना मान मिळतो, मग गळ टाकणाऱ्याला का नको? त्यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर तलावावर शर्यत भरवली. १०६ जण आले. प्रत्येकानं १०० डॉलर भरले. पुढच्या वर्षी, म्हणजे १९६८ साली, त्यांनी बास धरणाऱ्यांची संघटना काढली आणि 'बासमास्टर' हे मासिक सुरू केलं. खेळाडूनं कोणतं आमिष लावलं, किती खोल पाण्यात टाकलं, हे त्यात छापून यायचं. घरबसल्या लोक ते वाचायचे आणि शिकायचे. तेव्हा खेळाडू आणि चाहते यांच्यातला पूल म्हणजे मासिक.

१९७१ साली 'बासमास्टर क्लासिक' ही मोठी शर्यत झाली. तिची गंमत ऐका. निवडलेल्या २४ खेळाडूंना विमानात बसवलं. कुठं चाललोय हे कुणालाच माहीत नव्हतं. विमान वर गेल्यावर सांगितलं की आपण मीड सरोवरावर चाललो आहोत! कुणालाही आधी जाऊन जागा बघता येऊ नये म्हणून असं केलं. बॉबी मरे जिंकले. त्यांना १०,००० डॉलर मिळाले. २०२५ साली याच शर्यतीचं पहिलं बक्षीस ३ लाख डॉलर होतं. म्हणजे ३० पट झालं.

धरायचा आणि सोडायचा

शर्यतीत एका खेळाडूला एका दिवसात पाचच मासे वजनाला देता येतात. बोटीतच पाण्याची टाकी असते. तिच्यात मासे जिवंत ठेवतात. संध्याकाळी सगळ्यांसमोर वजन करतात आणि नंतर मासे पाण्यात सोडतात. मासा मेला तर वजनातले काही औंस कापतात. रे स्कॉट यांनी ही मोहीम १९७२ साली सुरू केली. त्यांचं म्हणणं होतं की एवढे लोक मासे मारायला लागले तर तळी रिकामी होतील. २०१९ साली सुरू झालेल्या एका दुसऱ्या शर्यतमालेत तर मासा बोटीतच तोलतात आणि लगेच सोडतात.

माझी आजी म्हणाली, "सोडायचाच तर धरायचा कशाला?" मला वाटतं, आजीचं आपल्या घरापुरतं बरोबर आहे. आपल्याला कालवण करायचं असतं. त्यांना वजनाचा आकडा हवा असतो. आकडा कागदावर राहतो, मासा पाण्यात राहतो.

चाहत्यांशी बोलायचं कसं?

मासिकानंतर दूरदर्शन आलं. बिल डान्स यांचा मासेमारीचा कार्यक्रम १९६८ साली सुरू झाला. डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर नारिंगी रंगात 'टी' हे अक्षर, ही त्यांची खूण. ते कार्यक्रमात कधी पाण्यात पडायचे, कधी त्यांची काठी मोडायची. दुसरा कुणी असता तर ते कापून टाकलं असतं. यांनी पडण्याझडण्याचे तुकडे जोडून वेगळी चित्रफीत काढली. लोक पोट धरून हसले आणि त्यांच्यावर जास्तच माया करू लागले.

रोलंड मार्टिन हे नऊ वेळा वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तेही दूरदर्शनवर दिसायचे. त्यांचे चिरंजीव स्कॉट मार्टिन २०११ साली 'फॉरेस्ट वूड कप' ही मोठी शर्यत जिंकले. ते यूट्यूबवर शर्यतीच्या दिवसांच्या चित्रफिती टाकतात. मासा लागला तो दिवसही दाखवतात आणि रिकाम्या हातानं परत आले तो दिवसही दाखवतात. बापाला बघायला लोक ठरलेल्या वेळी दूरदर्शनपुढं बसायचे. मुलाला खिशातल्या मोबाईलवर कधीही बघतात, आणि खाली लिहून प्रश्नही विचारतात. मासिकाच्या काळात पत्र पाठवलं तर उत्तराला किती दिवस लागत असतील!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कशासाठी? तर पोटासाठी. शर्यतीत भाग घ्यायला पैसे भरावे लागतात. बोट, तेल, प्रवास, राहणं, सगळा खर्च असतो. आणि पहिला नंबर एकाचाच येतो. बाकीच्यांनी काय खायचं? म्हणून बोटीच्या, काठ्यांच्या, आमिषांच्या कंपन्या खेळाडूला पैसे देतात. खेळाडूच्या सदऱ्यावर त्या कंपन्यांची नावं असतात. ज्याला जास्त लोक बघतात त्याला कंपनी लवकर मिळते. म्हणजे चाहत्यांशी बोलणं हाही त्यांच्या कामाचाच भाग झाला.

पण इथं बघणाऱ्यानं सावध राहायला पाहिजे. खेळाडू म्हणाला, "ही काठी फार चांगली," तर तो मनापासून म्हणतो की पैसे मिळाले म्हणून म्हणतो? अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानं २००९ साली आपल्या नियमावलीत स्पष्ट केलं की इंटरनेटवर वस्तूची शिफारस करणाऱ्यानं कंपनीकडून पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसं सांगावं. मला हा नियम फार आवडला. बाजारातसुद्धा असा असता तर बरं झालं असतं.

काय सांगायचं नाही?

सगळ्यांत अवघड गोष्ट ही आहे. चाहत्यांना सगळं सांगावंसं वाटतं, पण जागा सांगितली तर? दुसऱ्या दिवशी तिथं बोटींची जत्रा भरते. पाणी ढवळतं, मासे पळतात. म्हणून काही खेळाडू मासा दाखवतात, पण मागचा डोंगर किंवा पूल दिसू देत नाहीत.

दुसरं म्हणजे, शर्यतीच्या काळात खेळाडूनं दुसऱ्याकडून माशांच्या जागेची माहिती घ्यायची नाही, असा नियम आहे. समजा एखाद्या चाहत्यानं प्रेमानं कळवलं, "त्या खडकाजवळ जा, तिथं मोठे मासे आहेत," आणि खेळाडूनं ते ऐकलं. तर खेळाडू शर्यतीतून बाद होऊ शकतो. म्हणजे बघा, चाहत्याच्या प्रेमानंसुद्धा नुकसान होतं. परीक्षेत मित्राला उत्तर सांगितल्यासारखंच ते झालं. काही चाहते तर आपल्या बोटी घेऊन पुढं असलेल्या खेळाडूच्या मागं मागं जातात. लाटा उठतात आणि त्याचेच मासे बिथरतात. खरा चाहता लांब राहतो.

मी भोई आळीतल्या काकांना विचारलं, "काका, तुम्ही तुमची जागा सांगता का?" ते हसले. म्हणाले, "जागा सांगितली तर उद्या चूल कशी पेटायची?" मग त्यांनी मला जागा सोडून सगळं सांगितलं. वारा कुठला असला की मासा काठाला येतो, पाणी गढूळ झाल्यावर काय करायचं, पिल्लं असतील तेव्हा जाळं का टाकायचं नाही. मला वाटलं, यांची चित्रफीत कुणी काढली नाही, पण यांना त्या खेळाडूंपेक्षा कमी येत नाही. अंगावरच्या सदऱ्यावर कंपनीचं नाव नाही, एवढाच फरक.

आपण यातून काय घ्यायचं?

आपल्या शाळेतली पुष्कळ मुलं मोबाईलवर मासे धरताना बघतात आणि म्हणतात, "आपण पण असंच करू, पैसे मिळतील." त्यांना मला एक सांगायचं आहे. जपानहून ताकाहिरो ओमोरी १९९२ साली अमेरिकेत गेले. इंग्रजी धड येत नव्हतं. गाडीतच झोपायचे. २००४ साली ते 'क्लासिक' जिंकले. मध्ये बारा वर्षं गेली! चित्रफीत दहा मिनिटांची असते, मेहनत बारा वर्षांची असते.

आणखी एक. ते खेळाडू वेगानं बोट चालवतात. पण इंजिन चालू असताना तरंगणारं जाकीट घातलंच पाहिजे, असा शर्यतीचा नियम आहे. मोठमोठे खेळाडूही ते घालतात. आपल्याकडं पोहता न येणारी मुलं पावसाळ्यात गळ घेऊन तळ्याच्या काठावर एकटी जातात. काठ निसरडा असतो. चित्रफितीतला मासा सगळे बघतात, अंगातलं जाकीट कुणी बघत नाही. म्हणून पालकांनो, तुमच्या मुलांना एकटं सोडू नका. आणि मुलांनो, मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तळ्यावर जाऊ नका. मासा उद्यापण मिळेल.

शब्दार्थ

आमिष – माशाला फसवण्यासाठी गळाला लावतात ते.
पौंड – सुमारे ४५४ ग्रॅम. १ पौंडात १६ औंस असतात.
चाहता – ज्याला एखाद्याचा खेळ मनापासून आवडतो तो.

सांगा पाहू

१. खेळाडूनं पाच मासे धरले. प्रत्येकाचं वजन ३ पौंड. एकूण किती पौंड? किती ग्रॅम? (उत्तर : १५ पौंड, सुमारे ६,८१० ग्रॅम)
२. १९७१ साली विमान वर जाईपर्यंत तलावाचं नाव का सांगितलं नाही?
३. चाहत्यानं खेळाडूला माशांची जागा कळवणं चूक की बरोबर? का?
४. तुमच्या घरी किंवा शेजारी मासे धरणारं कोण आहे? त्यांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. पण जागा विचारू नका!

– इयत्ता चौथी