आंबोलीचा धबधबा
मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीहून एस.टी.ने निघालात, की पुढे आंबोलीचा वळणावळणाचा घाट लागतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग येथे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि धो धो बरसतात. म्हणूनच आंबोली हे महाराष्ट्रातील अतिशय पावसाचे ठिकाण आहे. घाटात रस्त्याच्या कडेलाच मोठा धबधबा कोसळतो. तो जरूर पाहा; पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असले, तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पांढरेशुभ्र पाणी अचानक गढूळ झाले, की लोंढा येत आहे असे समजा. चप्पल, डबा, फोटो सारे सोडा आणि ताबडतोब पाण्यातून बाहेर या. धबधबा पुन्हा पाहता येईल. गेलेला जीव परत येत नाही.