मधुमेही शेतकऱ्याची दिनचर्या : आहार, औषध आणि पायाची निगा



ऊस विकास विभागाच्या या सदरात बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांखेरीज दुसरा विषय सहसा येत नाही. या खेपेस मधुमेहावर लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, आमची पदविका शेतीची. परंतु ऊस नोंदीसाठी व तोडणी कार्यक्रमासाठी वर्षभर वाड्या-वस्त्यांवर फिरताना जे नजरेस पडते, त्यावरून हा विषय शेतकी खात्याच्या बाहेरचा राहिलेला नाही, असे आमचे मत झाले आहे. शिवाय आम्हांला स्वतःलाही हा आजार आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो तपासणीत निघाला. साखर कारखान्याच्या माणसाने साखर कमी खा म्हणून सांगायचे, यावर पारावर थट्टा व्हायची ती होऊन गेली आहे, आता ती जुनी झाली.

"शेतात राबणाऱ्याला कसली शुगर? तो बसून खाणाऱ्याचा रोग," असे अजूनही पुष्कळ जण म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अंगाने बारीक असणे हेही संरक्षण नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोठे काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंची आणि वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३. परंतु अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपला माणूस वरून काटक दिसला तरी आत चरबी, विशेषतः पोटाभोवती, जास्त असू शकते.

आणि राबण्याचे म्हणाल, तर हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. बांधापर्यंत मोटारसायकल, नांगरट ट्रॅक्टरने, पंप मोबाईलवरून चालू, पाणी ठिबकने, आता तोडणीलाही यंत्र. अंगमेहनत निम्म्यावर आली, जेवण मात्र नांगर धरणाऱ्या आजोबांच्या मापाचेच राहिले.

तपासणीचे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीची 'एचबीए वन सी' ही तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेह धरतात. काही त्रास नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. त्रास होईपर्यंत थांबू नये, कारण कित्येकांना काहीच होत नाही. वारंवार लघवी, कोरड पडणे, वजन उतरणे, जखम न भरणे ही लक्षणे दिसतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते, तिचा फायदा घ्यावा.

आता 'एचबीए वन सी' म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. कारखान्याच्या फलकावर रोज दोन आकडे लागतात, आजचा उतारा आणि आजअखेर सरासरी उतारा. एखाद्या दिवशी चांगला ऊस आला की आजचा उतारा वर जातो, म्हणून काही हंगाम चांगला गेला असे कोणी म्हणत नाही. सुईने बोट टोचून पाहिलेली साखर हा आजचा उतारा. डॉक्टरकडे जायचे म्हणून दोन दिवस पथ्य केले की तो सुधारतो. 'एचबीए वन सी' हा सरासरी उतारा, तो दोन दिवसांच्या पथ्याला फसत नाही. बहुतेक मधुमेहींनी तो सात टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगतात. वय झालेल्या किंवा साखर वरचेवर फार खाली जाणाऱ्या माणसाला डॉक्टर थोडी सवलत देतात.

हे एवढे लांबवून सांगण्याचे कारण आहे. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते गोळी सुरू करण्याच्या उशिरामुळे नव्हे, तर सुरू केलेली गोळी बंद केल्यामुळे. आमच्या गटातील एक सभासद, पन्नाशीचे, आडसालीचे उत्तम शेतकरी. सहा महिने गोळी घेतली, उपाशीपोटी साखर ११८ आली. "आली की खाली, आता कशाला पोटात औषध?" म्हणून त्यांनी गोळी सोडली. पुढे दीड वर्ष तपासणी नाही. तोडणीनंतर खोडव्यात अनवाणी फिरताना तळपायात धसकट घुसले, ते त्यांना कळलेसुद्धा नाही. संध्याकाळी घरच्यांना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. हळद भरून आठ-दहा दिवस काढले. अखेर डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. खोडवा यंदा वाट्याने दिला आहे. सरीत पाय टाकायला त्यांना भीती वाटते.

साखर ११८ वर आली ती गोळीमुळे आली होती. खत दिले म्हणून ऊस हिरवा दिसतो, हिरवा दिसतो म्हणून खत थांबवले तर काय होते हे सभासदांना सांगायला नको. काहींची गोळी खरोखर सुटते, हेही खरे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षे झाली नव्हती अशा वजनदार रुग्णांचे डॉक्टरी देखरेखीखाली वजन उतरवले. वर्षअखेर जवळजवळ निम्म्यांची साखर औषधाविना मर्यादेत आली. मात्र तेथे औषध थांबवणारे डॉक्टर होते आणि तपासणी पुढेही चालू होती. वजन पुन्हा चढले की साखरही परत येते.

खाण्याचे

प्रथम गुळाविषयी. "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो," असे अभिमानाने सांगणारे घरोघर भेटतात. कारखान्यात रस निवळून, आटवून त्याचे दाणे पाडतात आणि मळी वेगळी करतात. गुऱ्हाळात तोच रस कढईत आटवतात. गुळात थोडे लोह व क्षार राहतात, परंतु बहुतांश भाग साखरेचाच. रक्ताच्या दृष्टीने गूळ, काकवी आणि साखर एकाच घरच्या.

उसाच्या रसाचे गणित तर आपणच करू शकतो. ब्रिक्स १८ लागला म्हणजे शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅम विरघळलेले घटक, आणि पक्व उसात त्यांतील बहुतेक साखर. दोनशे मिलिलिटरचा पेला घेतला तर तीस ग्रॅमच्या वर साखर एका दमात पोटात गेली, म्हणजे सहा-सात चमचे. ब्रिक्स चांगला लागला की कारखान्याला आनंद होतो, मधुमेह्याने होऊ देऊ नये.

चहाचे असेच. पाहुणा आला, मुकादम आला, आम्ही आलो, प्रत्येक वेळी अर्धा कप. दिवसाला सात कप आणि कपात दोन चमचे धरले तर सत्तर ग्रॅम. महिन्याला दोन किलोंवर साखर एकट्याच्या चहात. सभासदत्वाची सवलतीची साखर घरी येते ती संपवलीच पाहिजे असा नियम पोटनियमांत कोठेही नाही. नोंदीला येणाऱ्या शेतकी मदतनिसाला बिनसाखरेचा चहा दिला तरी नोंद होईल.

भाकरीबद्दल गैरसमज उलट बाजूचा आहे. ज्वारी-बाजरी पांढऱ्या भातापेक्षा व मैद्यापेक्षा केव्हाही बरी, परंतु भाकरी हेही पिष्टच, आणि पिष्टाची अखेर साखरच होते. "ज्वारीची आहे" म्हणून चार खाल्ल्या तर उपयोग नाही. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी, काकडी-मुळा यांनी भरावा. मटकी, चवळी, हुलगा, पिठले, अंडे, मासे यांपैकी काही रोज असावे. भाजी-कोशिंबीर व उसळ आधी, भाकरी मागून, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची उडी कमी होते. रात्रीच्या जेवणानंतर वस्तीपासून रस्त्यापर्यंत पंधरा मिनिटे पायी जाऊन यावे. औषधांच्या यादीत ते येत नाही, पण आमच्या अनुभवाने बरेच काम करते.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा भगर थोडी, आणि ताक, शेंगदाणे, काकडी बरी. दिवसभर काहीच न खाण्याचा उपवास, किंवा हल्लीची दोनच वेळा जेवण्याची पद्धत, गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. कारण पुढे येतच आहे.

मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण यांना आमची हरकत नाही, ती गोळीच्या जागी घेण्याला आहे. "मुळासकट बरा करतो" म्हणणाऱ्या बाजारच्या पुड्यांना मात्र हरकत पुरेपूर आहे. दहा लिटर औषधात एकरी उत्पादन दुप्पट करणारे जे विक्रेते बांधावर येतात, त्यांचेच हे भाऊबंद.

औषधाचे

मेटफॉर्मिन ही गोळी साधारणपणे जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतात. सुरुवातीला पोट बिघडले तर सोडून न देता डॉक्टरांना सांगावे, प्रमाण हळूहळू वाढवता येते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाच्या आधी घेतात, आणि तिच्यावर जेवण चुकले तर साखर फार खाली जाते. इन्सुलिनचेही तसेच. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, डोळ्यांपुढे अंधारी, भलतेच बोलणे ही खूण. साखर सत्तरच्या खाली गेली की थांबायला वेळ नसतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घेऊन लगेच प्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. ज्याला वर्षभर साखर वर्ज्य, त्याच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे, असा हा आजार आहे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, गाडी काढून दवाखाना गाठावा. रात्री दारे धरायला जायचे असेल तर जेवून जावे, आणि आपल्याला शुगर आहे हे सोबत्याला माहीत असावे. न जेवता दारू पिऊन पडलेल्या मधुमेह्याला "उतरेल सकाळी" म्हणून झोपू देणे जिवावर बेतू शकते.

"इन्सुलिन लागले म्हणजे संपले," ही भीती घालवली पाहिजे. टोरांटोत १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी ते शोधले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचले. त्यापूर्वी लहान वयात मधुमेह झालेली मुले फार काळ जगतच नसत. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. फ्रीज नसल्यास मोठ्या मडक्यात ओली वाळू व त्यात लहान मडके, ही जुनी रीत उपयोगी पडते. पंपाच्या पेटीवर उन्हात ठेवलेली बाटली मात्र भरवशाची राहत नाही.

अंगदुखीच्या ठणक्याच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाणाऱ्यांनी सावध व्हावे. मधुमेहाने मूत्रपिंडावर आधीच भार असतो. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन व डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. रक्तदाब प्रत्येक भेटीत पाहावा.

पाय

वरील सभासदांना धसकट कळले नाही, कारण वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की तळपायाची जाणीव जाते. मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखे वाटते, मग काहीच वाटेनासे होते. विडी-तंबाखूने रक्तपुरवठा आणखी घटतो. उसाच्या रानात हे फार धोक्याचे. सरीत रात्रीचे पाणी, पाचटाखाली काय आहे ते दिसत नाही, बुडखे तर भाल्यासारखे. गमबूट घालावा आणि घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. आत खडा राहिला तर दिवसभरात तो मांस खातो. थंडीत शेकोटीला पाय शेकू नयेत, बधिर पाय भाजतो तेव्हा बोलत नाही. रोज झोपताना तळपाय पाहावा. आपल्याला वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला पाहायला सांगावे, मुलांची नजर चांगली असते. भेग, फोड, काळसर डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. कुरूप पात्याने कापू नये. आळंदीहून पायी वारी करणाऱ्या मधुमेही माळकऱ्यांनी नवे जोडे वारीच्या महिनाभर आधीच पायात घालून मऊ करून घ्यावेत.

जाता जाता तोडणी कामगारांविषयी. टोळ्या गाव सोडून पाच-सहा महिने येतात, आणि गोळ्या गावाकडच्या आरोग्य केंद्रात राहतात. कागद जवळ नसतो, म्हणून इथल्या डॉक्टरलाही अंदाज येत नाही. आपल्या फडात टोळी उतरली की मुकादमाला विचारून घ्यावे, कोणाला शुगर आहे काय, गोळी कोणती, किती दिवसांची शिल्लक आहे. नावाची चिठ्ठी आमच्या गटकचेरीत दिली तर जवळच्या उपकेंद्राचा तपासणीचा वार आम्ही कळवू. रिकामी गोळ्यांची पट्टी असेल तर तीही सोबत द्यावी, तिच्यावरचे नाव वाचूनच पुढचे औषध मिळते.